ताई, हे माझं आहे की परदेशाचं?

मागच्या अंकात न्यूरोडायव्हर्सिटीवर चार ओळी लिहिल्या आणि या महिन्यात पत्रांचा नुसता पाऊस, तोही निम्म्याच्या वर सोलापुरातून किंवा सोलापूर सोडून गेलेल्यांकडून. नवीन वाचकांसाठी पटकन सांगते. मी सोलापूरच्या पूर्व भागातली, पद्मशाली म्हणजे विणकर घरातली, सध्या इंग्लंडमध्ये लीसेस्टरला थेरपिस्ट आहे. आणि न्यूरोडायव्हर्सिटी म्हणजे सगळ्यांचे मेंदू एकाच साच्यातले नसतात, ऑटिझम (लोकांशी संवाद, आवाज-उजेड, सवयी यांच्याशी डोकं वेगळ्या तऱ्हेनं वागतं), एडीएचडी (लक्ष टिकत नाही, डोकं सतत धावतं), डिस्लेक्सिया (वाचायला-लिहायला अवघड जातं) ही त्या वेगळेपणाचीच रूपं आहेत, अशी मांडणी. १९९८ च्या सुमाराला हा शब्द छापून यायला लागला, ऑस्ट्रेलियाच्या ज्युडी सिंगर यांचं नाव त्याला जोडलं जातं, पण ऑटिस्टिक लोकांच्या आपापसातल्या चर्चांमध्ये ही कल्पना आधीपासूनच घोळत होती. नावं कुणाचीच छापत नाही, तपशीलही थोडे बदललेत. चला.

प्रश्न : ताई, मी जुळे सोलापूरचा, वय २९, सध्या लीड्सला आयटीत. इथं आल्यापासून डोकं जाम झालंय. मीटिंगमध्ये सगळं समजतं पण मधे कधी बोलायचं तेच कळत नाही. पबमध्ये नेतात तिथं आवाजानं डोकं फुटतं, घरी आलो की लाइट बंद करून बसतो. बायकोनं रील बघितले, ती म्हणते तू ऑटिस्टिक आहेस. ऑफिसातला मित्र म्हणतो एडीएचडी. आई फोनवर म्हणते काही नाही रे, देश बदलला की होतं असं, तिकडचं पाणी बाधलं. खरं कोण?

तुझ्या आईपासून सुरुवात करू, कारण तिचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. देश बदलला की माणूस थकतो म्हणजे थकतोच. दिवसभर दुसऱ्या भाषेत विचार करायचा, कुणी जाता जाता 'ऑल राइट?' म्हटलं तर थांबून तब्येत सांगायची नसते हे लक्षात ठेवायचं, बॉस 'इंटरेस्टिंग' म्हणाला म्हणजे आवडलं की नाही आवडलं याचा अंदाज लावायचा, यात संध्याकाळपर्यंत कुणाचंही पीठ पडतं. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी आपल्या लोकांना ऑटिझम नसतो, एडीएचडी नसते, त्यांना नुसती जाम आठवण येत असते आणि हे कबूल करायला लाज वाटते, कारण व्हिसासाठी घरच्यांनी कर्ज काढलेलं असतं.

पण एक फरक मी कायम बघते आणि तो तूही स्वतःचा स्वतः बघू शकतोस. परक्या देशाच्या रीतीभाती सरावानं अंगवळणी पडतात. पहिल्या वर्षी जे मुद्दाम करावं लागतं ते तिसऱ्या वर्षी हात आपोआप करतो. ऑटिस्टिक माणूस लोकांसारखं दिसण्यासाठी जे सोंग वठवतो, इथं त्याला मास्किंग म्हणतात, ते दहा वर्षांनीही तितकंच जड राहतं. तो उत्तम वठवेल, कुणाला पत्ताही लागणार नाही, पण आतमध्ये दर वेळी नव्यानं हिशोब चाललेला असतो, आता हसायचं, आता मान हलवायची, आता किती सेकंद बघायचं. तर दोन वर्षांत तुझं ओझं कमी झालंय का, तितकंच आहे का, का वाढलंय? हे आधी लिहून काढ.

मग दुसरं, दहा वर्षांचा असताना तू सोलापुरात कसा होतास? लग्नात बँजो सुरू झाला की गच्चीवर जाऊन बसायचास का? गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यापेक्षा त्याच्या मशीनकडं तासभर बघत बसायचास का? प्रगतीपुस्तकात 'हुशार आहे पण लक्ष नसते' असं बाईंनी लिहिलेलं सापडतंय का? एडीएचडीच्या निकषात लक्षणं बाराव्या वर्षाच्या आधीपासून असावी लागतात आणि ऑटिझम तर जन्मापासूनचाच, त्यामुळं हीथ्रोवर उतरल्यावर जे सुरू झालं ते हे दोन्ही नव्हे.

इथं एक मेख आहे मात्र. सोलापुरात काहीच त्रास नव्हता म्हणजे काहीच नव्हतं असंही नाही. तिकडं आई डबा भरत होती, वडील लाइटबिल भरत होते, किल्ल्या ताई शोधून देत होती आणि परीक्षेच्या आधी मित्र गच्चीवर बसवून अभ्यास करून घेत होते. चार माणसं मिळून तुझं एकट्याचं डोकं चालवत होती की रे! ती माणसं गेली आणि सगळं उघडं पडलं. एकत्र घरातून एकटं राहायला आलेल्या माणसाची एडीएचडी तिशीत कळते ती अशी.

तपासणीला गेलास तर एवढं कर. इथले फॉर्म इथल्या बालपणावर बेतलेत. लहानपणी डोळ्यात बघून बोलायचास का असा प्रश्न येतो, आणि आपल्याकडं वडीलधाऱ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवला तर थोबाडीत बसते. मोकळेपणी मित्रांना घरी बोलवायचास का असं विचारतात, आपल्याकडं कुणी बोलवत नाही, पोरं थेट घुसतात. तपासणारा माणूस दोन्हीकडून चुकू शकतो, एकतर आपली रीत म्हणजेच लक्षण समजतो, नाहीतर खरं लक्षण 'यांच्यात असंच असतं' म्हणून सोडून देतो. म्हणून तूच सांगायचं, आमच्या गल्लीत साधारण असं असतं आणि त्या गल्लीतही मी वेगळा पडायचो तो असा असा. आईची मुलाखत घेतील तेव्हा ती 'सगळं नॉर्मल होतं, याचे वडील पण असेच' म्हणेल, ते दुसरं वाक्य पण लिहून घ्या म्हणावं, हे गुण घराण्यात उतरतात.

मार्ग सांगते. जीपीकडे, म्हणजे तुझ्या नेहमीच्या डॉक्टरकडे, जा, इंग्लंडमध्ये तपासणी कुठं करायची ते आपण निवडायची राइट टू चूज नावाची सोय आहे तिची चौकशी कर, रांगा मोठ्या आहेत, धीर धर. तोपर्यंत ऑफिसात मीटिंगचा अजेंडा आदल्या दिवशी मागून घे, कोपऱ्यातला डेस्क माग, हेडफोन लावू देत म्हण. २०१० च्या इक्वॅलिटी अॅक्टमध्ये रीझनेबल अॅडजस्टमेंट्सची, म्हणजे कामाच्या जागी असे वाजवी बदल करून देण्याची, तरतूद आहे, आणि नुसतं मागायला रिपोर्ट हातात असावाच लागतो असं नाही. आणि बायको आणि मित्र यांच्यात भांडण लावू नकोस, दोन्ही एकत्र असू शकतं. निदानाच्या अमेरिकन नियमावलीनं २०१३ पर्यंत दोन्ही निदानं एकाच माणसाला द्यायची परवानगी दिली नव्हती, आता दिलीय.

प्रश्न : मॅडम, आम्ही विडी घरकुलला राहतो. मुलगा चार वर्षांचा झाला, बोलत नाही. घरात तेलुगू, शेजारी मराठी, शाळा इंग्लिश मीडियम. टीचर म्हणाल्या भाषांची खिचडी झालीय, घरात फक्त इंग्लिश बोला. मला इंग्लिश येत नाही. सासूबाई म्हणतात पोरं उशिराच बोलतात, आणि जाऊबाई म्हणतात मी मोबाइल दिला म्हणून झालं. माझ्यामुळं झालं का?

नाही. तुमच्यामुळं झालेलं नाही ताई, हे सगळ्यात आधी आणि ठळक अक्षरात वाचा.

आता भाषेचं. दोन-तीन भाषा कानावर पडल्यानं मूल मुकं होत नाही आणि ऑटिझमही होत नाही, यावर भरपूर अभ्यास झालाय, ऑटिस्टिक मुलांवर पण झालाय, आणि दोन भाषांच्या घरातली मुलं एका भाषेच्या मुलांपेक्षा मागं पडतात असं काही निघालेलं नाही. टीचरचा हेतू वाईट नसेल पण तुम्ही येत नसलेल्या भाषेत बोलायला लागलात तर काय होईल सांगू? तुम्ही गप्प व्हाल. 'कम हिअर, सिट डाऊन, नो' एवढंच उरेल. गाणी बंद, लाडाचं बोलणं बंद, आजीच्या मांडीवरची बडबड बंद. ज्या पोराला शब्दांची सगळ्यात जास्त गरज आहे त्याच्याच घरात शब्दांचा दुष्काळ. तुम्ही बिनधास्त तेलुगूत बोला, सासूबाईंनाही बोलू द्या.

आणि मोजताना तिन्ही भाषा मिळून मोजा. भाताला आजीकडून शिकून 'बुव्वा' म्हणतो, पाण्याला शेजारच्या काकूंसारखं 'पाणी' म्हणतो, बॉलला बॉल, तर ते तीन शब्द झाले. शाळेत फक्त बॉल ऐकू येतो म्हणून त्यांच्या वहीत एकच. दवाखान्यात जाताना ही यादी करून न्या.

पण सासूबाईंचं मात्र ऐकू नका, म्हणजे प्रेमानं ऐका आणि रिक्षा बोलवा. चार वर्षांच्या मुलाला दोन शब्द जोडता येत नसतील तर थांबायचं नसतं, कुठल्याही भाषेत. आधी कान तपासून घ्या, बेरा नावाची टेस्ट असते, झोपेत करतात, दुखत नाही. मग बघा, नाव घेतल्यावर वळतो का, हवं ते बोटानं दाखवतो का तुमचा हात धरून नेऊन त्यावर ठेवतो, विमान दिसलं की 'बघ बघ' अशा नजरेनं तुमच्याकडं बघतो का, गाड्या चालवतो का नुसत्या ओळीत लावून चाकं फिरवतो. हे सगळं कागदावर लिहा. सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, जा आणि लहान मुलांच्या लवकर तपासणीचं केंद्र कुठं आहे ते विचारा, २०१३ पासून सरकारची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम नावाची योजना आहे, त्यात जन्मापासून अठरापर्यंतच्या मुलांची तपासणी फुकट आहे. अंगणवाडी ताईंना पण माहिती असतं.

ऑटिझम निघालाच तर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढा, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत तो आहे. नॅशनल ट्रस्ट या सरकारी संस्थेची निरामय म्हणून आरोग्य विमा योजना आहे, एक लाखापर्यंतची, थेरपीचा खर्च त्यात बसतो.

मोबाइलनं ऑटिझम होत नाही. कमी मात्र करा, कारण मोबाइल समोर असला की तेवढा वेळ माणूस समोर नसतो, बास, एवढंच कारण.

जाऊबाईंना एक गोष्ट सांगा. ऑटिझमचं पहिलं गाजलेलं वर्णन १९४३ ला अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरनं लिहिलं, तो स्वतः युरोपातून १९२४ मध्ये तिकडं गेलेला, म्हणजे माझ्यासारखाच बाहेरचा. त्यानंतर कित्येक वर्षं मोठमोठ्या लोकांनी आयांवर खापर फोडलं, आई थंड म्हणून मूल असं. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड नावाच्या मानसशास्त्रज्ञानं, ज्याचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता, हे मेंदूच्या जडणघडणीतलं आहे असं ठामपणे मांडलं, आणि मग हळूहळू आया सुटल्या. अमेरिकेतल्या आया सुटल्या म्हणजे, आपल्याकडं जाऊबाई अजून आहेत.

प्रश्न : मी ७६ वर्षांचा, आयुष्य मागावर गेलं. आमच्या वेळी हे ऑटिझम-बिटिझम काही नव्हतं. आमच्या कारखान्यात एक जण होता, दिवसदिवस कुणाशी बोलायचा नाही, जेवायला पण एकटा बसायचा, पण जॅकार्डच्या पत्त्यात एक भोक चुकलं तरी लांबून सांगायचा. त्याला कुणी पेशंट म्हटलं नाही. तुम्ही परदेशातनं नवीन रोग आणायलाय असं नाही का वाटत?

काका, नमस्कार. तुमचं अर्धं म्हणणं मी फ्रेम करून लावीन.

जॅकार्डचा पत्ता म्हणजे काय हे नव्या पोरांना माहीत नसेल. चादरीवर मोर उठतो का फूल उठतं ते पुठ्ठ्याच्या पत्त्यांवरच्या भोकांवर ठरतं, कुठला धागा वर जायचा आणि कुठला खाली. हजारोंमधलं चुकलेलं एक भोक लांबून हेरणं येऱ्यागबाळ्याचं काम नाही. तुमच्या त्या माणसाला जागा मिळाली कारण त्या कामाला त्याचं डोकं हवं होतं आणि बोलणं नको होतं, खडखडाटात बोलतंय कोण? बरेच जण अचानक आवाजाला दचकतात पण एकसारख्या तालातल्या आवाजात शांत होतात, त्यालाही माग मानवला असेल. आज गिरण्या गेल्या, यंत्रमाग कमी झाले, त्याच डोक्याचा नातू कॉल सेंटरला किंवा शोरूमला उभा आहे आणि दिवसभर हसून बोलायला लागतंय. नातवाचं डोकं आजोबासारखंच आहे, काम बदललं. म्हणून तो आता पेशंट दिसतो. न्यूरोडायव्हर्सिटीवाले लोक हेच तर म्हणतायत.

आता दुसरं अर्धं. त्या माणसाचं लग्न झालं का, म्हातारपणी कुठं राहिला, त्याला नावं काय पाडली होती, हे तुम्ही लिहिलं नाहीत. आणि ज्यांना माग पण जमला नाही त्यांचं? आमच्या गल्लीत विड्या वळणाऱ्या घरात एक पोरगी होती. हजार विड्यांवर मजुरी, बाकीच्या बायका बोलता बोलता वळायच्या, हिच्या हातात पान आणि नजर भिंतीवरच्या मुंग्यांकडं. कात्री हातात धरून तशीच बसायची, संध्याकाळी सुपात जेमतेम मूठभर विड्या. रोज मार खायची. तिलाही कुणी पेशंट म्हटलं नाही काका, येडी म्हटलं.

आणि परदेशातला नवीन रोग म्हणाल तर रशियात ग्रुन्या सुखारेव्हा या डॉक्टर बाईंनी १९२५ ला अशा मुलांचं अगदी हुबेहूब वर्णन करून ठेवलंय, कॅनरच्या आधी. मुलं तेव्हाही होती, तिकडं पण आणि आपल्या साखर पेठेत पण.

प्रश्न : ताई, मुलगी २४ वर्षांची, फार्मसी झालीय, नोकरी करते. मागच्या वर्षी पुण्यात एडीएचडीचं निदान झालं, गोळ्यांनी खूप फरक पडला. आता स्थळं यायलीत. मिस्टर म्हणतात हे नवीन फॅड आहे, कुणाला सांगायचं नाही आणि गोळ्या बंद करून टाक. स्वतः तीन धंदे बदललेत त्यांनी, रोज गाडीची किल्ली शोधतात. काय करू?

शेवटचं वाक्य वाचून मी चहा सांडला.

मिस्टरांना सांगा, हे फॅड असेल तर फार जुनं फॅड आहे. १९०२ मध्ये लंडनच्या जॉर्ज स्टिल या डॉक्टरनं अशा मुलांवर व्याख्यानं दिली होती. आणि जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून दिसतं की माणसामाणसांत एडीएचडीचा जो फरक असतो त्यातला ७० ते ८० टक्के वाटा आनुवंशिक आहे. पुढचं मी लिहीत नाही, किल्ली सापडली की तेही विचार करतील.

गोळ्या घरच्यांच्या मीटिंगमध्ये बंद होत नसतात. मिथाइलफेनिडेट ही एडीएचडीवरची गोळी असेल तर ते शेड्यूल एक्समधलं, म्हणजे कडक नियमांच्या सरकारी यादीतलं, औषध आहे, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही, कमी-जास्त करायचं तेही त्यांनीच. पुढे मूल हवं असेल तेव्हाही आधी त्यांच्याशीच बोलायचं.

सांगायचं का? सांगायचं. बायोडाटात नाही, मध्यस्थ मावशींना तर मुळीच नाही, त्यांना सांगितलं की सात रस्त्यापर्यंत पोचलं म्हणून समजा. मुलगा-मुलगी दोनदा तरी भेटले, दोघांना पुढं जावंसं वाटतंय, साखरपुडा अजून ठरला नाही, ही वेळ. आणि सांगायचं मुलीनं स्वतः, तुम्ही नाही. 'मला एडीएचडी आहे, गोळी घेते, ती घेतल्यावर काम छान होतं, नाही घेतली की मी गॅसवर दूध ठेवून विसरते, तुला काय विचारायचंय ते विचार.' एवढंच, रडवेला चेहरा न करता. लपवलं तर लग्नानंतर कपाटात गोळ्यांची पट्टी सापडते आणि मग भांडण एडीएचडीचं राहत नाही, फसवलं याचं होतं. प्रकरण कोर्टात गेल्यावर काय होतं ते वकील सांगतील, मला त्याआधीचं घर दिसतं, आणि ते घर काही चांगलं नसतं.

एखादं स्थळ यावरून मोडेल. वाईट वाटेल. मोडू द्या.

प्रश्न : मी विद्यापीठात सायकॉलॉजी एमए करतोय. तुम्ही तेलुगू, लिहिता मराठीत, राहता इंग्लंडमध्ये. तुमची नक्की ओळख काय? आणि तिकडच्या थेरप्या इकडं लागू होतात का?

आमचे पूर्वज तेलंगणातून मागाच्या कामासाठी सोलापुरात आले. घरात तेलुगू, गल्लीत आणि शाळेत मराठी, बाजारात कन्नड आणि दखनी. हैदराबादकडचे पाहुणे आमच्या तेलुगूला हसतात, शाळेत आम्हाला तेलंगी म्हणायचे, लीसेस्टरमध्ये गुजराती बायका आधी गुजरातीतच सुरू करतात. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ, जानेवारीत सिद्धेश्वराच्या काठ्या, दोन्ही माझंच. तू सोलापूरचा असशील तर तुला हे वेगळं सांगायला नको, १९३१ च्या १२ जानेवारीला फाशी गेलेले आपले चार हुतात्मे बघ, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. चार आडनावं, चार घरांच्या चार तऱ्हा, गाव एक. एकच ओळख पाहिजे हा हट्ट मला इंग्लंडमध्ये फॉर्म भरताना पहिल्यांदा भेटला, चौकोनात टिक करा म्हणे.

थेरपीचं म्हणशील तर बरीचशी लागू होते पण जशीच्या तशी नाही. तिकडच्या पुस्तकात सरळ लिहितात, घरचे त्रास देत असतील तर अंतर ठेवा. आता दीड खोलीत सहा माणसं राहतात तिथं अंतर कुठून आणायचं? मग आम्ही असं ठरवतो की जेवण झाल्यावर वीस मिनिटं गच्ची तुझी, कुणी हाक मारायची नाही, आणि हे सासूबाईंना पटवायचं काम पण थेरपीतच येतं. कधी कधी सासूबाईच येऊन बसतात. माझ्या इंग्लिश सहकाऱ्यांना हे जरा अवघड जातं.

दुसरं म्हणजे भाषा. दोन भाषा असलेली माणसं दुखरी गोष्ट बऱ्याचदा दुसऱ्या भाषेत सांगतात, तिथं ती कमी टोचते. इंग्लिशमध्ये 'माय फादर वॉज स्ट्रिक्ट' असं अगदी शांतपणे म्हणतात. मी विचारते, ओरडायचे तेव्हा काय म्हणायचे, त्यांच्या शब्दांत सांगा. आणि मग 'काय करायलास बे भाड्या' असं काहीतरी बाहेर येतं आणि आवाज फुटतो. पण घाई करायची नाही, दुसऱ्या भाषेचा आडोसा कुणी उगाच घेत नाही.

तू एमए करतोयस तर डेमियन मिल्टनचं नाव लिहून ठेव. ब्रिटनमधला ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञ. २०१२ मध्ये त्यानं मांडलं की ऑटिस्टिक माणसाला इतरांचं कळत नाही ही अर्धीच गोष्ट, इतरांनाही ऑटिस्टिक माणसाचं कळत नाही, गैरसमज दोन्ही बाजूंनी असतो. परदेशात राहिलेल्या माणसाला हे लगेच पटतं, कारण ऑफिसात सगळे मिळून आपल्याला 'हिला आपलं कळत नाही' म्हणतात आणि त्यांना आपलं काय कळतं हे कुणी विचारत नाही. बाय द वे, परमुलखात जाऊन, तिथली भाषा शिकून लोकांना बरं करणारा सोलापूरकर म्हटलं की डॉ. द्वारकानाथ कोटणीसच, १९३८ मध्ये चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथंच वारले, बत्तिसाव्या वर्षी. आम्ही आपले हीटर लावलेल्या खोलीत बसून बोलतो.

प्रश्न : मुलाला ऑटिझम आहे, नऊ वर्षांचा. सासरे म्हणतात गाणगापूरला नेऊ, सगळं बरं होईल. मी नाही म्हटलं तर घरात वाद. नेऊ का?

न्या की. दर्शन घ्या, संगमावर जा, प्रसाद खा. श्रद्धेवरून मी कुणाच्या घरात भांडण लावत नाही, आणि देवापुढं बसून सासऱ्यांचं मन हलकं झालं तर त्याचा फायदा पोरालाच. फक्त तीन गोष्टी घरातून निघायच्या आधी सासऱ्यांकडून कबूल करून घ्या, कुणी त्याला मारायचं नाही, बांधायचं नाही, आणि चालू असलेली औषधं-थेरपी बंद करायची नाही. २००१ मध्ये तमिळनाडूत एरवाडीला आगीत २८ मनोरुग्ण मेले, साखळीनं बांधलेले होते म्हणून पळता आलं नाही. साखळीनं बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बंदी आहे, आणि भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण केली तर महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

ऑटिझम जाणार नाही, हे सासऱ्यांना आधीच सांगा म्हणजे परत आल्यावर पोरावर राग निघणार नाही. बरं काय होऊ शकतं तर झोप, चिडचिड, आणि नऊ वर्षं 'याला काहीच येत नाही' ऐकून पोरानं स्वतःबद्दल जे ठरवून टाकलंय ते. ते थेरपीत होतं, घरात त्याहून जास्त होतं.

आणि पौर्णिमेच्या गर्दीत नेऊ नका. साध्या दिवशी पहाटे न्या, कानाला लावायचे मफ घ्या, त्याची रोजची बाटली आणि रोजचं खेळणं घ्या. आरतीच्या वेळी बाहेर थांबा. हेच गड्ड्याच्या यात्रेला पण, संध्याकाळी नाही, सकाळी.

प्रश्न : काउन्सिलर खरा की खोटा कसा ओळखायचा? इथं प्रत्येक गल्लीत बोर्ड आहेत.

औषध पाहिजे असेल तर सायकायट्रिस्ट, म्हणजे एमबीबीएसनंतर त्यातलं शिक्षण घेतलेला डॉक्टर. ऑटिझम, एडीएचडीच्या टेस्ट करून रिपोर्ट पाहिजे असेल तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, आणि त्याच्याकडं आरसीआयचा, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा, नोंदणी नंबर पाहिजे. सरळ मागायचा, खरा माणूस चिडत नाही. पहिल्याच भेटीत वर्षाचं पॅकेज विकायला लागला किंवा 'ऑटिझम शंभर टक्के बरा' असा बोर्ड लावला असेल तर चप्पल घाला आणि निघा. रात्रीबेरात्री जीव घाबरा झाला, नको ते विचार आले तर टेलीमानस, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात.

प्रश्न : माझा ऑटिस्टिक मुलगा सात वर्षांचा, फक्त कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खातो. दुसरं काही ताटात दिसलं तरी उठून जातो. पाहुणे हसतात.

अहो, सोलापूरचं पोर आहे, हसतात कशाला!

कडक भाकरी रोज तशीच लागते, तसाच कुडकुड आवाज, मधेच मऊ गिळगिळीत काही येत नाही, म्हणून या मुलांना असलं खाणं आवडतं. ज्वारी आणि शेंगदाणे, उपाशी तर नाहीये तो. जबरदस्तीनं भरवू नका आणि चटणीत लपवून भाजी तर अजिबात नको, कळलं तर चटणीही सुटेल. नवीन पदार्थ त्याच्या ताटात नाही, तुमच्या ताटात ठेवा, तो बघू दे, वास घेऊ दे, हात लावू दे. सुरुवात कुरकुरीतच गोष्टीनं करा, भाजलेले पापड, काकडीचे काप, मग भाजलेलं धपाटं कडक करून. वजन दर महिन्याला लिहा, हिमोग्लोबिन एकदा तपासा. वजन उतरायला लागलं किंवा भाकरीही सोडायला लागला तर लगेच बालरोगतज्ज्ञांकडं. पाहुण्यांना चटणी वाढा, तिखटातली.